बाईंनी बूट हातात घेतला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-बाबांच्या पाठोपाठ मला शाळेतल्या बाई आठवतात. आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. गावात त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे, मीही तेवढंच म्हणणार आहे. घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. बाबा गुऱ्हाळावर कामाला. इंजिनिअरिंगचा फॉर्म कसा भरायचा, कुठल्या रकान्यात काय लिहायचं, हे बाईंनी शेजारी बसून सांगितलं. पण ते सगळं बऱ्याच जणांना माहीत आहे. मला सांगायचंय ते बुटांचं.

आमच्या घरी पायात चप्पलच. बूट शाळेच्या गणवेशातसुद्धा नव्हते. आणि चप्पल म्हणजे चामड्याची, करकरणारी, आमच्याच भागातली. ती घ्यायची एक रीत होती. चप्पल थोडी घट्टच घ्यायची, कारण चामडं सैल होतं. आणल्यावर तिला एरंडेल चोळायचं, रात्रभर तशीच ठेवायची आणि मग घालून चालायचं. पहिले आठ-दहा दिवस ती चावतेच. अंगठ्याजवळ फोड आला की बाबा समाधानानं बघायचे. "चावल्याबिगर चप्पल आपली होत न्हाय," असं ते म्हणायचे. आणि खरोखर, महिन्याभरात चप्पल पायासारखी व्हायची. दुसऱ्या कुणी घातली तर त्याला ती चालायची नाही.

पदवी झाल्यावर मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात ट्रेनी म्हणून घेतलं. काम तपासणीचं. मशीनवरून निघालेले लोखंडी भाग दर तासाला फिरून मोजायचे, माप चुकलं असेल तर मशीन थांबवायला सांगायचं. तीन महिने बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरणार. उचगावात मी एक खोली घेतली. तिथून हायवेवर कंपनीची बस मिळायची. कायम झालेल्यांना कंपनी बूट द्यायची, आम्ही आपले आणायचे. अट एकच, पुढं बोटांवर कडक टोपी हवी.

मी बूट घेतले ते माझ्या घरच्या रीतीनं. दुकानात चपलेचा नंबर सांगितला, आठ. पाय आत घातला तर बोटं पुढं दाबली जात होती. मला बरं वाटलं. घट्ट आहे म्हणजे सैल होणार. हातात धरले तर एकेक बूट पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यासारखा. तेही बरं वाटलं. जड म्हणजे टिकाऊ. खोलीवर येऊन एरंडेल चोळलं.

माझ्याकडे तो एकच जोड. सकाळी बसला जाताना तेच, कारखान्यात तेच, संध्याकाळी भाजी आणायलाही तेच. मी दिवस मोजत होतो. दहा दिवस झाले, वीस झाले, दीड महिना झाला. बूट चावतच होते. टाचेवरचा फोड फुटून त्यावर दुसरा यायचा. मी दर सुट्टीला आणखी तेल लावायचो. कमी पडत असेल ते माझंच, बूट आपले करून घ्यायची चिकाटी आपल्यात नाही, असं मला खरंच वाटायचं.

हळूहळू मी लांबच्या लाइनची, म्हणजे पार टोकाच्या मशीनांची, फेरी टाळायला लागलो. तासाला जायचं तिथं दोन तासांनी जायचो. एकदा त्या लाइनवर चुकीच्या मापाचे भाग बरेच निघाले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या विभागाच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"महिनाअखेरीला यादी जाणार हाय," ते म्हणाले. "तू हुशार हाईस, पण माझ्या लाइनवर फिरणारा माणूस पायजे. असा फरफटत चालणारा न्हाय. तीन आठवडे हाईत तुझ्याकडं."

हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी गुऱ्हाळावर सगळ्यांना माझी कंपनी सांगून ठेवली होती.

त्या सुट्टीला मी बाईंकडे गेलो. निवृत्त झाल्यावर त्या राजारामपुरीत मुलाच्या फ्लॅटवर राहायच्या. मी बूट दाराबाहेर काढले, पाया पडलो आणि पाय सोफ्याखाली घेऊन बसलो. पण मोज्याचा टाचेकडचा डाग त्यांनी बघितला होता.

"काय रे हे?"

"काही नाही बाई. नवीन बूट आहेत, अजून रुळले नाहीत."

"किती दिवस झाले?"

"दोन महिने होतील."

"दोन महिन्यांत माणसं रुळतात की रे."

त्या उठल्या, दारापाशी गेल्या, वाकल्या आणि माझा बूट त्यांनी हातात घेतला.

मी दचकून उभा राहिलो. बाई जैन. आयुष्यात त्यांनी चामडं पायात घातलं नव्हतं. शाळेत कुणाचा चामडी पट्टा टेबलावर राहिला तर त्या पट्टीनं बाजूला सरकवायच्या. आम्ही पोरं त्यावरून मागं हसायचोही. त्या बाई माझा बूट उलटा-सुलटा करून बघत होत्या.

"बाई, चामड्याचा आहे तो!"

"कुणी सांगितलं?" त्यांनी काठावर नख ओढलं. "हे रेक्झिन आहे. आणि ह्याला तू काय लावलंस, एरंडेल?" त्यांनी वास घेतला आणि हसायलाच लागल्या. "अरे बाळा, चामडं पायाचं ऐकतं. आज चावेल, उद्या ऐकेल. हे नाही ऐकत. जन्मभर तेल लाव. जे ऐकणारच नाही ते घेतानाच पारखून घ्यायला लागतं."

चामडं घ्यायचं नाही म्हणून चाळीस वर्षं ही बाई दुकानादुकानांतून बिनचामड्याचं हुडकत फिरली होती. चामड्याच्या ह्या गावात तेव्हा ते सोपं नव्हतं. आम्हाला कधी कळलंच नाही, की फळ्यासमोर दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईंना पायाबद्दल एवढं ठाऊक असेल.

"आत्ता दुकानात जाऊया का?" मी विचारलं.

"आत्ता नाही. संध्याकाळी. दिवसभरात पाय फुगतो, तो फुगलेला पाय घेऊन जायचं."

सूर्य मावळायच्या आत त्यांनी जेवण उरकलं, मलाही वाढलं. मग आम्ही चालत निघालो. मी त्यांच्या मुलाच्या स्लिपर घातल्या होत्या, बूट पिशवीत होते. बाईंच्या पायात त्यांचे कापडी बूट होते, एका बाजूनं झिजलेले. त्यांचेही बघू या म्हटलं तर म्हणाल्या, "माझं राहू दे. आज तुझं."

दुकानदार त्यांच्या ओळखीचा होता. "या बाई! कापडी दाखवू?"

"ह्या पोराला दाखवायचे. टोपीवाले, पण हलके. आधी एक वर्तमानपत्र द्या."

त्यांनी मला कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पायांभोवती रेघ ओढली. मग माझा जुना बूट त्या रेघेवर ठेवला. दोन्ही बाजूंनी माझा पाय बाहेर. डावा तर उजव्यापेक्षा थोडा लांबच.

"काम काय करतोस तू?" बाईंनी विचारलं.

"मापं घेतो."

"दिवसभर लोखंडाची मापं घेतोस, केसाएवढा फरक धरतोस. आणि स्वतःच्या पायाचं माप ठाऊक नाही?"

दुकानदार मोठ्यानं हसला. मी खाली बघितलं. बाई मात्र लगेच कामाला लागल्या. "मोठ्या पायाचं ऐकायचं. नऊ नंबर काढा. आणि लोखंडी टोपी नको, ती फायबरची असते ना, ती."

पुढचा तासभर त्यांनी मला जे करायला लावलं ते मी अजून तसंच करतो. बूट दोन्ही हातांत धरून वाकवला. पाय वाकतो तिथंच तो वाकायला हवा, मध्येच मोडला तर नको. एका हातात जुना, एका हातात नवा धरून त्यांनी वजन बघितलं.

"बाई, बूट घ्यायला आलाय का आंबं?" दुकानदार म्हणाला.

"आंबा एकदा खायचा असतो. हे रोज दहा तास उचलायचंय त्याला."

मग मोजे घालून, नाडी बांधून उभं राहायचं. पुढं बोटं हलवून बघायची. टाच उचलली की बूट मागं राहता कामा नये. दुकानाच्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, कारण उतरताना बोटं पुढं आपटतात का ते कळतं. उकिडवं बसायचं. "मशीनपाशी वाकून बसतोस की नाही? मग बस." तीन जोड बाजूला पडले. दुकानदार वैतागला. "पावणं, लगीन ठरवायल्यात जणू बाई!" चौथ्या जोडात मी उकिडवा बसलो आणि उठलो, आणि माझ्या लक्षात आलं, की पायाचा विचार मनात आला नाही.

"कसं वाटतंय?"

"काही वाटतच नाही, बाई."

"मग हेच."

मला एक शंका होती. एवढे हलके बूट, टिकतील का? आणि पहिल्याच दिवशी जे चावत नाहीत ते आपले होतील कसे? ही दुसरी शंका मी बोललो नाही, पण बाईंना कळली असावी. जाताना म्हणाल्या, "प्रत्येक गोष्ट सोसूनच मिळवायची असते असं नाही रे. काही नुसत्या नीट निवडायच्या असतात."

दुसऱ्या दिवशी मशीनवरचे लोक हसले. "काय इंजिनिअर, पळायच्या शर्यतीला निघालास काय?" हसू दिलं. लांबच्या लाइनला मी तासाच्या तासाला गेलो. तिसऱ्या आठवड्यात तिथं माप सरकायला लागलेलं मीच पकडलं आणि मशीन थांबवलं. साहेब आले, त्यांनी मोजून बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं. महिनाअखेरीला यादीत माझं नाव होतं.

तोवर बाई मुलीकडे बेळगावला गेल्या होत्या. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र पाठवलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे.

"ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

मी कायम झालो. कागद काल मिळाला, पहिल्यांदा बाबांना वाचून दाखवला, दुसरं तुम्हाला लिहितो आहे. साहेबांनी तीन आठवड्यांची मुदत दिली होती हे मी तुमच्यापासूनही लपवलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, सरळ दुकानात नेलंत.

बाबांनी बूट हातात घेऊन बघितले. 'ह्येच्यात काय जीव हाय?' म्हणाले. मग माझी टाच बघितली. तिथं आता नवीन कातडी आली आहे. 'तुझ्या बाईंला इचार, मला बी मिळतील का तसलं' म्हणाले.

आता कंपनीकडूनही बूट मिळणार. स्टोअरवाल्यानं नंबर विचारला. मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. तो हसला. संध्याकाळी मी त्याच्यासमोर वर्तमानपत्र पसरलं, तेव्हा हसायचा थांबला. आता दोघं ट्रेनीही माझ्याकडून रेघ ओढून घेऊन गेले.

सोबत दोन कोरे कागद घडी करून ठेवले आहेत. कृपा करून संध्याकाळी, जेवण झाल्यावर, त्यांवर एकेक पाय ठेवून उभ्या राहा आणि ताईंना पेन्सिलीनं रेघ ओढायला सांगा. पेन्सिल सरळ धरायची. कागद मला परत पाठवा. राजारामपुरीतल्या दुकानदारानं नवीन कापडी बूट आणले आहेत, मी वाकवून बघितले, बरोबर जागी वाकतात. तुमचे एका बाजूनं झिजले आहेत, ते मी त्या दिवशीच बघितलं होतं.

मोठ्या पायाचं माप धरीन.

आपला विद्यार्थी"