'फेअरली'ला कोल्हापुरात गिऱ्हाईक नाही

इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास काढला की खुर्च्या कमी पडतात, किस्से कधीच नाहीत. माझ्याकडचे निम्मे तर एकट्या 'फेअरली'ने दिलेत!

"फेअरली म्हणजे बऱ्यापैकी. व्हेरीच्या एक पायरी खाली," मी फळ्यावर जिना काढून सांगितलं.

मटणाची खानावळ चालवणारे मोहितेमामा उठले. "सर, आमच्यात ही पायरीच न्हाय. एक तर लई, न्हाय तर कायच न्हाय!"

*

तरी मामांनी शब्द उचलला. खानावळीत एक परदेशी पाहुणा आला. तांबड्या रश्श्याकडे बोट दाखवून म्हणाला, "व्हेरी स्पायसी?"

"नो, नो! फेअरली!"

एका घोटात पाहुण्याच्या डोळ्यांतून धारा. मी मामांना झापलं.

"आवं, आमची बारकी नात वरपती की! मग फेअरलीच झालं न्हवं?"

*

पुढे मामा घरी बायकोला म्हणाले, "युवर साडी इज फेअरली नाइस."

तिने अर्थ विचारला. मामांनी इमानदारीत सांगितला.

ती साडी आता मामांची बहीण नेसते.

*

क्लासातली उचगावची शबाना नर्स आहे. परदेशातल्या हॉस्पिटलची मुलाखत एकदा हुकलेली, ही शेवटची संधी. पेशंटचं दुखणं किती, ते इंग्रजीत विचारून नेमकं सांगायचं, तिथेच तिचं घोडं अडायचं. पोरीची मला फार काळजी वाटायची.

सरावाला मामांना पेशंट केलं. "हाऊ मच पेन, मामा?"

"नो पेन!"

मामा एक हात टॉवेलखाली लपवत होते. शबानाने टॉवेल ओढला. सकाळी कढईला लागून अख्खा तळवा फोडांनी भरलेला!

"मामा, हे काय वो?"

"फेअरली हाय गं."

तिने त्यांना तसंच उठवून दवाखान्यात नेलं.

*

मुलाखत माझ्याच क्लासात, लॅपटॉपवर झाली. मी दाराआड उभा. पलीकडचे डॉक्टर पेशंट झाले आणि पोट दाबून धरत म्हणाले, "आय अ‍ॅम फेअरली कम्फर्टेबल."

शबाना स्क्रीनकडे वाकली.

"सॉरी सर, आय डोन्ट बिलीव्ह यू. रिमूव्ह युवर हँड, प्लीज. आय विल चेक."

डॉक्टर चमकले. "व्हाय?"

"सर, आय अ‍ॅम फ्रॉम कोल्हापूर."

डॉक्टर हसले. शेजारच्या बाईंशी काहीतरी बोलले आणि म्हणाले, "यू आर सिलेक्टेड. आर यू हॅपी?"

शबानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ओढणीने नाक पुसत ती म्हणाली,

"फेअरली, सर!"