सासूबाईंनी दिलेलं झाड

सुनेनं सासूचं कौतुक केलं, की ऐकणारा आधी आजूबाजूला सासू उभी आहे का ते बघतो. माझ्या सासूबाई आत्ता शिवणाच्या खोलीत आहेत, दार लावलेलं आहे आणि मशीन चालू आहे. तेव्हा मी हे भीतीपोटी सांगत नाही, एवढं लक्षात घ्या.

उतारावरचा आमचा रानाचा तुकडा सासूबाईंनी शाळेचे गणवेश आणि लोकांचे पडदे शिवून विकत घेतला. सासरे म्हणायचे, दगडधोंड्यांत पैसा घालतेस. दगड होतेच, पण झाडंही होती. कुणी न लावलेली, इथल्याच मातीतली, पार वरच्या कड्यापर्यंत गेलेली. पुढे उताराचे बाकीचे तुकडे दुसऱ्यांनी घेतले. कुणाची हद्द कुठे संपते हे झाडांना माहीत नव्हतं, आणि त्या हिरव्या भुंगेऱ्यालाही नव्हतं.

हा भुंगेरा इथला नव्हे. दूरदेशाहून मालाच्या लाकडी खोक्यांतून आला म्हणतात. दिसायला दागिना, पण त्याच्या अळ्या सालीखाली शिरून झाडाचं पाणी तोडतात आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. पलीकडच्या खोऱ्यातलं अख्खं रान असं उभं वाळलं, तेव्हा आमच्याकडच्या जमीनवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी बुंध्यांना चुना फासला. कुणी घाईघाईनं चांगली झाडं तोडून मोकळे झाले. आमचे शेजारी, कोंबडीवाले भाऊ, म्हणाले, "माझ्याकडे काही नाही." त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग वनखात्याच्या मॅडमनी सगळ्यांना आमच्याच अंगणात जमवलं. "भुंगेरा अजून थोडा असेल तर आवरता येईल," त्या म्हणाल्या, "पण तो आलाय का, हे आधी कळायला हवं. एक सुटं, उन्हातलं, धडधाकट झाड निवडायचं. पानं फुटायच्या दिवसांत त्याच्या बुंध्याभोवती सालीचा एक पट्टा गोल काढायचा. झाड आजारी पडतं, आणि त्याच्या वासानं आसपासचे भुंगेरे तिथंच येऊन अंडी घालतात. हिवाळ्यात, आतले किडे बाहेर पडायच्या आधी, झाड तोडायचं, सोलायचं आणि साल जाळून टाकायची."

"आणि भुंगेरा आलाच नाही तर?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"तर झाड फुकट गेलं."

कल्पना सगळ्यांना पसंत पडली. झाड कुणाचं, एवढंच ठरेना. पाहुण्याच्या काठीनं साप मारायला कोण तयार नसतं? तसं सुटं, उन्हातलं झाड दोनच ठिकाणी होतं, भाऊंच्या आवारात आणि आमच्या शिवणाच्या खोलीसमोर. भाऊ म्हणाले, "माझ्या कोंबड्यांना सावली नको का?"

"माझं घ्या," सासूबाई म्हणाल्या.

त्या झाडाखाली मशीन मांडून त्यांनी कितीतरी उन्हाळे काढले होते. माझा नवरा त्याच बुंध्याला धरून उभा राहायला शिकला. जेवताना तो चिडलाच. "आई, अगं पण आपलंच का?"

"दुसऱ्याचं मागायला मला तोंड नाही म्हणून. जेव आधी, गार होतंय."

साल काढायला सुरी त्यांनी स्वतःच धरली. उन्हाळाभर पानं पिवळी पडत गेली आणि सासूबाई खिडकीकडे पाठ करून शिवत राहिल्या. कुंपणापलीकडून भाऊ विचारायचे, "काय वहिनी, आले का पाहुणे?" सासूबाई हसून सोडून द्यायच्या. मी नाही सोडलं. मी त्यांच्याकडची अंडी घेणं बंद केलं.

हिवाळ्यात झाड आडवं झालं. सगळे जमले, अर्धे मदतीला, अर्धे मजा बघायला. सासूबाईंनी बुंध्याकडून सोलायला घेतलं. शिवण्याइतकंच उसवणंही जिनं जन्मभर केलं, तिचा हात घाईत चालत नाही. साल निघायची, खाली स्वच्छ लाकूड. आणखी साल, आणखी स्वच्छ लाकूड. निरोगी लाकूड बघून मला रडू फुटायची वेळ आली. भाऊ घसा खाकरून म्हणाले, "चांगलं झाड होतं हो." सासूबाईंचा चेहरा उतरला होता, पण हात थांबला नाही.

"काकू, फांद्या बघू या," मॅडम म्हणाल्या. "कधी कधी ते वरूनच सुरुवात करतात."

पहिल्याच जाड फांदीची साल निघाली. खाली नागमोडी वाटाच वाटा, आणि वाटांच्या टोकांना पांढऱ्या, चपट्या अळ्या. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "वाया नाही गेलं गं," त्या मला म्हणाल्या. "वाया नाही गेलं." किडे बघून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. सगळ्यांदेखत मी त्यांना मिठी मारली. एवढा अभिमान मला पोरांच्या निकालाच्या दिवशीही वाटला नाही, आणि पोरांना मी तसं सांगूनही टाकलंय.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सुऱ्या घ्या. एक अळी राहता कामा नये."

घेतल्या सगळ्यांनी. भाऊही मांडी घालून बसले. एक फांदी मांडीवर घेऊन सोलू लागले. मग खालमानेनंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेला माझं झाड घ्या."

सासूबाईंनी त्यांच्या हातातल्या फांदीकडे पाहिलं. बेचक्यात थोडी साल राहिली होती.

"आधी हे नीट सोला," त्या म्हणाल्या, आणि भाऊंनी फांदी मुकाट्यानं परत मांडीवर घेतली.