चिटणीस मी, गल्ली दाऊदभाईंची

वाळवंटाच्या काठाला घर केलं की उंबऱ्यावर वाळू साठते आणि परमुलखात चार मराठी माणसं एका गल्लीत राहिली की किस्से साठतात. दोन्ही कितीही झाडून काढा, दुसऱ्या दिवशी आहेतच. कुवेतच्या शुवैख बंदरामागच्या आमच्या गल्लीचे किस्से मी आता हसत हसत सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की हा गृहस्थ तेव्हाही हसतच असणार. अजिबात नाही. तेव्हा मी जळत होतो.

कुणावर? दाऊदभाईंवर.

आधी गल्लीचं सांगतो. बावीस घरं. निम्मी रत्नागिरी-रायगडकडच्या मुसलमानांची, निम्मी आमच्यासारख्या इतर मराठी मंडळींची. कुणी बंदरावर, कुणी गॅरेजात, मी एका शिपिंग ऑफिसात क्लार्क. गोड्या पाण्याचा टँकर गल्लीत शिरत नसे, कारण गल्लीभर खाटा, पिंपं, कोंबड्यांची खुराडी. मग बायकामाणसांनी मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं आणि डबे भरून आणायचे. यावर उपाय म्हणून मी रहिवासी मंडळ काढलं आणि चिटणीसपदी बिनविरोध निवडून आलो. बिनविरोध म्हणजे काय, निवडणुकीला मी एकटाच हजर होतो.

गल्ली मोकळी करायची, बलदियाकडे, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालिटीकडे, अर्ज करायचा आणि टँकर दारात आणायचा. पाणी यावं असं वाटत होतंच, पण ते सामंतांमुळे आलं असं लोकांनी म्हणावं, हे त्याहून जास्त वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

* * *

पहिल्या मीटिंगची नोटीस मी ऑफिसात टाइप केली. कार्बन घालून बावीस प्रती. अजेंड्यावर नऊ विषय. शुक्रवारी दुपारी चार वाजता माझ्या अंगणात. शेजारच्या हॉटेलातून बारा खुर्च्या मागून आणल्या, टेबलावर चादर घातली, पाण्याचा तांब्या ठेवला.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. शेवटी दाराशी दाऊदभाई आले. ते बंदरावर लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. बायकामुलं गावी, इथे एकटेच राहायचे. मला बरं वाटलं. म्हटलं, एक का होईना, माणूस आला.

"सामंतसाहेब, खुर्च्या रिकाम्या हायत काय?"

"बसा ना, कुठलीही घ्या."

"बसत नाय. न्यायला आलो. घराकडचं पत्र आलंय. ओट्यावर मानसं मावत नायत."

खुर्च्या गेल्या. पाच मिनिटांनी मीही गेलो, कारण बसायला घरात दुसरं काही नव्हतं. ओट्यावर अख्खी गल्ली. माझे नऊही विषय तिथे मांडी घालून बसले होते. ते पत्र मंगळवारीच आलं होतं, असं पुढे पोस्टातून पत्रं आणणाऱ्याकडून कळलं.

* * *

आता या पत्रांचं. दाऊदभाईंना लिहितावाचता येत नसे. गावी त्यांचे अब्बा पत्र सांगायचे आणि शाळेचे मास्तर ते मराठीत लिहून द्यायचे. चांगली आठ-आठ पानं. म्हैस आजारी पडली, शेजाऱ्याने बांध सरकवला, भाचीला बघायला पाहुणे आले. म्हैस कुठल्या अवस्थेत आहे हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं.

आणि रिवाज असा, की एकच पत्र दोनदा वाचायचं, दोन वेगवेगळ्या माणसांनी. दाऊदभाई म्हणायचे, "पहिल्यांदा खबर समजते, दुसऱ्यांदा अब्बांचा आवाज ऐकू येतो." दुसरं वाचन बहुतेक वेळा बाबूरावांकडे असे. बाबूराव गॅरेजात फोरमन. वाचनाची गती बैलगाडीची, पण माणूस प्रामाणिक. ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि एक अक्षर सोडायचे नाहीत. मास्तरांनी खोडलेला शब्दसुद्धा वाचायचे आणि वर सांगायचे, "हे खोडलंय."

* * *

दुसऱ्या मीटिंगला मी हुशारी केली. नोटीस वाटण्याऐवजी वही केली आणि स्वतः घरोघरी फिरवली. प्रत्येकाने नावापुढे सही करायची. बावीसच्या बावीस घरांच्या सह्या. मी मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, "बघ, पद्धतशीर काम केलं की लोक येतात."

शुक्रवारी पुन्हा मी आणि तांब्या.

संध्याकाळी बाबूरावांना रस्त्यात गाठलं. "सही केली होती तुम्ही."

"केली की. नोटीस बघितल्याची सही. गॅरेजात सर्क्युलर फिरतं त्याच्यावर करतो तशी. मिसेसची पण करून टाकली, परत तुम्हाला हेलपाटा नको म्हणून."

मी विचारलं, मग चार वाजता होतात कुठे? ते म्हणाले, "म्हैस व्यायला झाली होती ना, साहेब."

* * *

मला सगळ्यांत जास्त झोंबलं ते हे. तिसऱ्या मीटिंगला मालतीने कांदेपोहे केले. पोह्यांच्या वासाने नऊजण आले. मी खूश. विषय पहिला, गल्लीतील अडथळे, असं म्हणेपर्यंत बश्या रिकाम्या झाल्या होत्या. विषय दुसरा काढेपर्यंत खुर्च्याही.

वळून बघतो तर मालती चप्पल शोधतेय.

"तू कुठे निघालीस?"

"अहो, भाचीचा होकार आला की नाही ते आज कळणार आहे. तुमची मीटिंग काय, घरातच असते."

त्या दिवशी मी एकट्याने ठराव मांडला, एकट्याने अनुमोदन दिलं आणि उरलेले पोहे खाल्ले. ठराव एकमताने संमत झाला.

* * *

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि दाऊदभाईंना म्हटलं, "एकदा पत्र मला वाचायला द्या." गल्लीत माझ्याइतकं स्वच्छ वाचणारा दुसरा नव्हता, हे शत्रूनेही कबूल केलं असतं. बाबूरावांना मिळतं, गॅरेजातल्या हेल्परला मिळतं, मला दोन वर्षांत एकदाही नाही.

दाऊदभाई सुपारी कातरत होते. म्हणाले, "तुमी वाचाल तर पाच मिन्टांत खलास. मग मानसं बसतील कशाला?"

मी दुसरा डाव टाकला. "बरं, उत्तरं तरी माझ्याकडून लिहून घ्या. फुकट लिहीन."

"नको. ती बंदरावरचा मुनशी लिहितो." अडकित्ता थांबला. "ऐकायला सगळी गल्ली चालते, साहेब. सांगायला एकच मानूस बरा, आनि तो लांबचा."

मला वाटलं, मला दूर ठेवायचं म्हणून काहीतरी सबब सांगतायत. घरी येऊन मालतीपाशी बोललो तर ती म्हणाली, "तुम्हाला पोटदुखी झालीय. ओवा खा."

* * *

मी ओवा खाल्ला नाही, अभ्यास केला. पंधरा दिवस त्यांच्या ओट्यावर बसून पाहिलं, हा माणूस करतो काय. तर ते कधीच कुणाला बोलवत नसत. ते मागत. "तुझी शिडी दे रे." "जरा चूल पेटवून दे." शिडी द्यायला आलेला माणूस शिडी घेऊनच तास-दोन तास बसून राही.

एवढंच ना? दुसऱ्याच दिवशी मी बाबूरावांच्या दारात. "बाबूराव, तुमची शिडी हवी होती."

बाबूराव शिडी काढायला वळले, मग थांबले. "मंडळाचं काम नाही ना?"

मी नाही म्हणालो. शिडी घरी आणली, भिंतीला लावली आणि दुसऱ्या दिवशी परत केली.

* * *

आणि मग बलदियाचं उत्तर आलं. माझ्या अर्जाला, माझ्या सहीच्या अर्जाला! पुढच्या शुक्रवारी चार वाजता अधिकारी टँकर घेऊन येणार. गल्ली मोकळी असली आणि टँकर शेवटपर्यंत गेला, तर रोज पाणी. अडकला, तर अर्ज फाइलला.

मी नोटीस लावली. घरोघरी हात जोडले. सगळे म्हणाले, "हो हो." शुक्रवारी सकाळी खाटा जागच्या जागी, पिंपं जागच्या जागी, खुराड्यांत कोंबड्या. तो दिवस मला आयुष्यात सगळ्यांत जड गेला. दोन वर्षं ज्याच्यावर जळलो, त्याच्या ओट्याची पायरी चढलो आणि सगळं सांगितलं.

दाऊदभाईंनी ऐकून घेतलं. मग ओट्यावरूनच हाक टाकली, "आज तीन वाजता पत्र! पन ओट्यावर नाय, मागच्या मैदानात. आपापली खाट घेऊन या. आनि पिंपंपन आना, पिंपावर बसून लांबचं बरं ऐकू येतं."

साडेतीनला गल्लीत एक खाट उरली नव्हती. खुराडीसुद्धा गेली, कारण कोंबड्या मागे ठेवल्या तर मांजर खाईल. टँकर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सरळ गेला. मैदानात गल्ली बसलेली. पूर्वी मुंबईत खजुराचा धंदा केलेला तो कुवेती अधिकारी हिंदीत म्हणाला, "बहोत अच्छा. मुखिया कौन है?"

चाळीस हात दाऊदभाईंकडे वळले.

दाऊदभाईंनी आपला एक हात माझ्याकडे केला. "अर्जी इन्होंने लिखी, साहब."

अधिकाऱ्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं. मनासारखं झालं होतं. तरी मला त्या चाळीस हातांचाच हेवा वाटत राहिला.

* * *

रोज पाणी येऊ लागल्यावरची गोष्ट. नवं पत्र आलं. ओटा भरला. दाऊदभाई उठले आणि म्हणाले, "आज सामंतसाहेब वाचतील. दारात पानी त्यांनी आनलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालती पुढच्या रांगेत. मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि मुद्दाम सावकाश सुरुवात केली. सलाम, खुशाली, पाऊसपाणी. पान उलटलं.

तिथे लिहिलं होतं: "बेटा दाऊद, चिटणीससाहेबांविषयी तू मागच्या पत्रात लिहिलंस ते ऐकून बरं वाटलं नाही. तो माणूस बसल्या बैठकीला अर्ज लिहितो आणि तुला तुझ्या बापाचं पत्रसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, हे बघून पोटात दुखतं म्हणतोस. दुसऱ्याच्या विद्येवर जळू नये. आणि त्याची मीटिंग असेल नेमकं त्याच वेळी तू पत्र वाचायला काढतोस, त्याच्या रिकाम्या खुर्च्या मागून आणतोस, हे तर मुळीच शोभत नाही. हे आता बंद कर."

मी मनातच वाचलं आणि वर पाहिलं. दाऊदभाई सुपारी कातरत, मान हलवत, पुढचं ऐकायला बसले होते. सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"पुढे?" बाबूराव म्हणाले.

"पुढे... म्हैस बरी आहे," मी म्हणालो. "रोज चार शेर दूध देते. रेडकूही बरं आहे. सगळ्यांना सलाम." आणि पत्र घडी घालून खिशात ठेवू लागलो.

"साहेब," दाऊदभाईंनी हात पुढे केला, "पत्र."

"एकदा वाचलं ना. आज एकदाच पुरे."

"रिवाज म्हंजे रिवाज," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं आणि बाबूरावांना दिलं.

बाबूरावांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.