ओट्यावरची म्हातारी

केडगावात मी रोज सकाळी पळायचो, तेव्हा दवाखान्याच्या अलीकडे एक म्हातारी ओट्यावर बसलेली असे. मी दिसलो की ती गुडघ्यावर हात रेटून उठायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि हात जोडायची. मला वाटायचं, नमस्कार करते. मीही पळता पळता हात वर करायचो.

त्या सरावाच्या भरवशावर मी मेक्सिको सिटीतली मॅरेथॉन पळायला गेलो. तिथल्या उंचीवर हवा इतकी विरळ, की निम्म्या वाटेतच छाती भात्यासारखी वाजू लागली. रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवत होते आणि मी कसाबसा चालत शेवट गाठला.

परतल्यावर पळायचं त्राण उरलं नव्हतं. सकाळी चालतच निघालो, तर म्हातारीने हटकलं.

"आज चालत व्हय, बाबा? बरं हाय का आता पेशंटला?"

"कोणत्या पेशंटला?"

"रोज दवाखान्याकडं पळत जायचास. म्हनलं, घरचं कुनीतरी लई आजारी आसंल. देवाला हात जोडायचे मी."

खरं सांगणं जिवावर आलं. "बरं आहे आता," मी म्हणालो.

"मग बस की घडीभर," म्हणत ती ओट्यावर सरकली.

मी बसलो. पाय तेव्हा कुठे थांबल्यासारखे वाटले.