आमच्या घरचा ‘कल’

आमच्या उज्जैनच्या मराठीत ‘उद्या’ फारसा टिकलाच नाही. त्याच्या जागी हिंदीतला ‘कल’ येऊन बसला. दोन वर्षं मी पुण्यातल्या लेकीला फोनवर एकच सांगत होते, "कल से पायी जाईन शाळेत, पक्का." साखरेच्या आजारापायी माझ्या वडिलांचा पाय कापावा लागला होता आणि आता माझ्या तळव्यांना मुंग्या येत होत्या. रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सकाळी ऑटो दारात उभी राही आणि मी निमूट आत बसे. माझी मलाच चीड यायची.

त्या दिवशी अकरावीच्या तासाला मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवत होते. एका शहरात त्यांना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडून उठावं लागे, म्हणून त्यांनी बसवरच बहिष्कार घातला. ठरवला होता एकाच दिवसापुरता, चालला वर्षाहून जास्त. घरकाम करणाऱ्या बाया, म्हातारी माणसं, कित्येक जण पायी कामाला जात. मी अगदी रंगात आले होते.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मैडम, उनके पैर नहीं दुखते थे?"

"दुखते होंगे," मी म्हणाले. टेबलाखाली माझेच पाय झिणझिणत होते.

त्यांची लढाई माणूस म्हणून वागवलं जाण्याची. तिच्याशी माझ्या साखरेची बरोबरी करायची मला लाज वाटली. तरी एक गोष्ट पिच्छा सोडेना. त्यांनी आधीच वर्षभराची शपथ घेतली नव्हती. एक दिवस ठरवला, पाळला, मग पुढचा. मी मात्र जन्मभराचं ठरवत होते, आणि तेही कलपासून!

शाळा सुटल्यावर ऑटोवाले भैया फाटकाशी उभे होते.

"आज नहीं, भैया."

"तबीयत तो ठीक है, मैडम?"

"नहीं है. इसीलिए."

टॉवर चौकात पोटऱ्या भरून आल्या. दोन रिकाम्या ऑटो मला बघून हळू झाल्या. मी मान वळवली आणि घरापर्यंत चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, तुझं चालणं कधीपासून?"

"कल से."

"झालं! परत तेच!" ती भडकली. "आजोबांचा पाय विसरलीस का गं?"

"अगं, पुढचा नाही, मागचा कल. काल चालत आले. आज जाऊन-येऊन दोन्ही."

ती हळूच म्हणाली, "आणि उद्या?"

"ते उद्या विचार," मी म्हणाले. "आजचं झालंय."