आईच्या मांडणीवरचा वायफायचा डबा

आमच्या कळंब्याच्या घरात वायफायचे दोन डबे आहेत. कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागल्यावर दादाने, माझ्या मोठ्या भावाने, ते आणले. एक पुढच्या खोलीत, बाहेरची वायर येते तिथे. दुसरा माझ्या मागच्या खोलीजवळ, बोळातल्या स्टुलावर. पहिल्याकडून इंटरनेट घ्यायचं आणि मला द्यायचं, एवढंच त्याचं काम.

मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना पुण्यातल्या एका संस्थेत उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज केला होता. मुलाखत ऑनलाइन, संध्याकाळी साडेपाचला. आमच्या घरात अशी मुलाखत याआधी कुणी दिली नव्हती. दुपारी मैत्रिणीबरोबर सराव केला, तर तिला माझं एक वाक्य धड ऐकू येईना. माझ्या फोनमध्ये मात्र वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या.

मग मी पहिल्यांदाच त्या डब्यांचं अॅप नीट वाचलं. फोनमधल्या काड्या फक्त फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं सांगतात. दोन डब्यांमधली जोडणी वेगळी असते, आणि तिला दोन बँड असतात. पाच गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंती आणि धातू त्याला सोसत नाहीत. दोन पॉइंट चारचा हळू, पण लांब पोचणारा. आमचा दुसरा डबा दोन पॉइंट चारवर होता आणि पुढे लिहिलं होतं, कमजोर.

उठून बघितलं, तर स्टूल रिकामं. डबा स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, स्टीलच्या डब्यांच्या रांगेमागे, पितळी तांब्याशेजारी. त्याचा दिवा पिवळा.

मी आईवर जरा जोरातच बोलले. ती म्हणाली, "मला काय ठावं, बाळा? महागाची वस्तू पायात नको म्हणून चांगल्या जागी ठेवली."

मला फार वाईट वाटलं. आम्ही दोघींनी डबा पुन्हा बोळात आणला. स्टुलावर दिवा पिवळाच राहिला. आईने डबा हातात धरून खांद्यापर्यंत उचलला आणि तो निळा झाला. अॅपमध्ये पाचचा आकडा आला. साडेपाचला दहा मिनिटं होती. मी टेबल ओढायला गेले.

"ते डुगडुगतंय. मांजरानं पाडलं म्हंजे? तू जा, मी हाय की हितं."

मुलाखत पाऊण तास चालली. एका प्रश्नाला मी "माहीत नाही" म्हणाले, तेही त्यांना स्वच्छ ऐकू गेलं. मागे गोठ्यात म्हैस सारखी हंबरत होती. तिची धारेची वेळ झाली होती, आणि आईशिवाय ती कुणाला कासेला हात लावू देत नाही.

दार उघडलं तेव्हा आई तशीच उभी होती, कोपर भिंतीला टेकवून. माझं इंग्रजी तिला कळलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आवाज कुठं तुटला न्हाय तुझा."

डबा माझ्या हातात देऊन ती बादली घेऊन पळाली. धार काढून होईस्तोवर डेअरीचं संकलन बंद झालं होतं. सगळं दूध घरातच राहिलं, म्हणून तिने ते आटवायला ठेवलं.

निवड झाल्याची मेल पुढच्या आठवड्यात आली. बासुंदी आम्ही त्याच संध्याकाळी खाल्ली होती.