ओल्या वाळ्याचा वास
आज या उन्हाळ्यात पहिल्यांदा एसी लावला आणि खोलीत ओल्या वाळ्याचा वास पसरला. काही वर्षांपूर्वी कूलर काढून हा एसी घ्यायचं ठरलं, तेव्हा दर चैत्रात कूलरचा वाळा बदलणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला आम्ही बोलावलंच नाही. नव्या ठेकेदाराने भिंत मोजली, खिडकीतला बंद कूलर उघडला आणि म्हणाला, “दीदी, खस तो आज ही बदली है.” वाळा कोरा, ओलाचिंब होता आणि लाल सुतळीची दुहेरी गाठ त्या मिस्त्रीचीच. आईने त्याच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, “बाबूजी तो ठंड में ही गुजर गए.” कूलर त्याच दिवशी भंगारात गेला. आज मात्र वास येताच आई हळूच म्हणाली, “काहून बसून राहिली? बाहेर पाणी ठेव, उन्हातून आला असेल.”